धोंड्याचा जावई आणि पळता कर्सर

आता ही फजिती सांगू का नको, असा विचार मी बरेच दिवस करत होतो. पण माझ्या सासरची माणसं महाडच्या बाजारात तुम्हाला कधीतरी भेटणारच, आणि त्यांनी सांगितली तर ती चांगली तिखटमीठ लावून सांगतील. त्यापेक्षा माझी मीच सांगितलेली बरी. चहा घ्या, सांगतो.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. ड्रम आले, ड्रम गेले, एवढं कॉम्प्युटरवर चढवायचं, हे माझं काम. कॉम्प्युटर अडला की 'बंद करा, परत चालू करा' हे एकच औषध मला ठाऊक. पण गंमत बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं! त्यामुळे ऑफिसात माझा दबदबा. प्रिंटर रुसला, बोलवा यांना. स्क्रीन काळी झाली, बोलवा यांना. हळूहळू माझीही खात्री पटली, की आपल्याला यातलं कळतं. आणि माणसाची अशी खात्री पटली की त्याला सासरी जाऊ देऊ नये!

पण मी गेलो. जावंच लागलं. धोंड्याचा महिना होता ना!

अधिक महिना आला की आपल्याकडे जावयाचा भाव काय वधारतो, ते तुम्हाला माहीत आहे. एरवी त्याला कोणी विचारत नाही. या महिन्यात मात्र बोलावणं, ओवाळणं, नवे कपडे, ताटभर अनारसे. जावई म्हणेल ती पूर्व. त्यातून हा माझा लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. मी तर आठवडाभर आधीपासून कमी जेवत होतो.

सासरी जाताना माणूस काय नेतो? पेढे नेतो, केळी नेतो. मी केळी नेली आणि सोबत माउस नेला. कॉम्प्युटरचा हो! नवाकोरा, बिनवायरचा. कशाला? तर माझी मेहुणी अश्विनी घरी बसून लग्नपत्रिका टाईप करते, तिच्यावर छाप पाडायला.

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या घाटाकडे निघालं की कापडे गाव लागतं, तेच माझं सासर. मोटारसायकलवर पुढे मी, मागे माझी बायको सुजाता आणि मध्ये केळी. पोचेपर्यंत केळ्यांचं शिकरण व्हायचं बाकी होतं. अंगणात पाय ठेवतोय तोच सासूबाई धावत आल्या.

"जावयबापू, केवढा ऊन हाय! आधी पानी घ्या. अशू गो, खुर्ची आण, पंखा इकडं कर!"

पंखा माझ्याकडे वळला. घरातली बाकी सगळी माणसं घामाघूम झाली. याला म्हणतात मान!

माझे सासरे अण्णा म्हणजे निवृत्त शिक्षक, अगदी मोजून बोलणारा माणूस. त्यांनी लगेच आहेर पुढे केला. पांढराशुभ्र झब्बा. मी तो तिथल्या तिथे अंगात चढवला. खिसा असा खोल, की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. आरशात बघितलं, तर मी मलाच जरा मोठा वाटलो.

मग मी माझी स्वारी अश्विनीच्या टेबलाकडे वळवली. ती बिचारी सकाळपासून मान मोडून बसली होती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"भावोजी, मोऱ्यांची पत्रिका आहे. अधिक संपल्या संपल्या लग्न. आज संध्याकाळच्या आत प्रेसला गेलीच पाहिजे."

आता मोऱ्यांची पत्रिका म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे पत्रिका हा काही लग्नाचा मुहूर्त कळवायचा कागद नव्हे. कोण कोणाचा कोण, आणि कोण कोणाच्या वर, हे साऱ्या भावकीला जाहीर करायचा कागद आहे तो. सगळ्यात वर कुलदैवत, मग कैलासवासी मंडळी, मग हयात मंडळी, मग मुंबईकर, मग ग्रामस्थ, आणि तळाला बच्चेकंपनीचं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' यात एखादं नाव वरचं खाली झालं, तर तो माणूस लग्नाला येतो, पण जेवत नाही. आणि पुढची दोन लग्नं बोलत नाही.

अश्विनीसाठी तर ही परीक्षाच होती. ती रोज एसटीनं महाडला एका दुकानात टायपिंगला जायची. जाताना उभी, येताना उभी, आणि गाडी चुकली की तिथेच बोंबलत. पोलादपूरच्या प्रेसवाल्या शिंदेकाकांनी तिला सांगितलं होतं, ही पत्रिका वेळेत आणि बिनचूक दिलीस, तर लग्नसराईचं सगळं काम तुला घरबसल्या. नाही जमलं, तर मी दुसरं माणूस बघतो. म्हणून पोरगी धड जेवायलाही उठत नव्हती.

आणि तिच्या हातात काय? वायरचा माउस!

"अगं, या जमान्यात वायर?" मी म्हणालो. "सरक जरा."

मी कॉम्प्युटरच्या पाठीमागे हात घातला, माझ्या माउसचा तो शेंगदाण्याएवढा रिसीव्हर तिथं खोचला, आणि दोन हात लांब उभा राहून तिचा कर्सर नाचवून दाखवला. "बघ! कशाला कसली वायर नाही!"

"छान आहे," ती म्हणाली. "पण भावोजी, मला आपला माझाच बरा. हाताला सवय झालीय."

तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "जावयबापू, पाटावर या, ताट तयार हाय!" मी घाईत तो माउस झब्ब्याच्या खिशात टाकला आणि ओवाळून घ्यायला गेलो.

काय केलं? माउस चालू होता, तसाच खिशात टाकला. रिसीव्हर पाठीमागे तसाच राहिला. तुमच्या आत्ताच लक्षात आलं ना? हसताय ना? हसा. माझ्या लक्षात यायला संध्याकाळ झाली.

ओवाळणं झालं. जेवण झालं. जेवण म्हणजे काय विचारू नका! पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, आणि 'जावयबापू, आणखी एक' म्हणत सासूबाईंचा हात काही थांबेना. मी नको म्हणायचो आणि ताट पुढे करायचो. मग हात धुऊन, पान तोंडात धरून, प्लास्टिकची हातवाली खुर्ची ओढून मी अश्विनीच्या शेजारी ऐसपैस बसलो. काम कसं चाललंय ते बघायला हो! आपला तज्ज्ञाचा डोळा.

मी बसलो मात्र, आणि तिच्या स्क्रीनवरचा कर्सर सुटला.

"अगं बाई!" अश्विनी ओरडली.

कर्सर वरून खाली पळाला, आणि पळता पळता साऱ्या मुंबईकर मंडळींना निळं करून गेला. तिनं 'सौ.' टाईप करायला बोट ठेवलं, तर आख्खी मुंबईकर मंडळी गायब! त्यांच्या जागी एकटा 'स' उभा.

"कंट्रोल झेड!" मी ओरडलो.

तिनं ते आधीच दाबलं होतं. मुंबईकर परत आले. ती पुढचं नाव लिहायला गेली, तर कर्सर उडी मारून कुलदैवतापाशी जाऊन बसला. नाव तिथं उमटलं. नवऱ्या मुलाचा मावसा एकदम देवांच्या रांगेत!

"असं कधीच होत नाही हो," ती रडवेली झाली.

"घाबरू नकोस. मी आहे ना," मी म्हणालो. यापुढचं सगळं रामायण या एका वाक्यामुळे झालं.

पहिला संशय तिच्या माउसवर. उलटा केला, फुंकर मारली, झब्ब्याच्या टोकानं पोट पुसलं. मग म्हटलं, खालचं टेबल गुळगुळीत आहे, जाड काहीतरी हवं. उठलो, कपाटातून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा शोधून आणला आणि उभ्यानंच माउसखाली सरकवला. आणि काय आश्चर्य! कर्सर सुतासारखा सरळ!

"बघितलंस? पुठ्ठा!" मी म्हणालो, आणि समाधानानं परत खुर्चीत बसलो.

कर्सर पळाला.

आता तुम्हाला दिसतंय ते मला का दिसलं नाही? अहो, जावयाला पुरण चढलेलं असतं! मी बसलो की खिशातला माउस मांडी आणि खुर्चीचा हात यांच्यामध्ये चेपला जायचा. त्याचं बटण दाबलेलं राहायचं, आणि मी जरा हललो की पत्रिकेत निळं पसरायचं. मी उठलो की तो खिशात निवांत लोंबायचा, आणि सगळं आलबेल. पण मला वाटायचं, मी उठून जे करतो त्यानंच आलबेल होतंय!

मग मी कीबोर्ड धरला. म्हटलं, शिफ्टचं बटण अडकलंय. तो अंगणात नेऊन उपडा केला आणि बडवला. त्यातून शेव पडली, तांदळाचे दाणे पडले, दोन मुंग्या आपला संसार घेऊन चालत्या झाल्या. परत आणून लावला. चाललं! मी बसलो. बिघडलं! मग माझं ठेवणीतलं औषध काढलं, बंद करून चालू. ते चालू होईपर्यंत मी उभा. चाललं! मी बसलो, आणि या खेपेला जे झालं ते बघून अश्विनीनं दोन्ही हात डोक्याला लावले.

कैलासवासी मंडळींतला 'कै.' निळा झाला, घसरत घसरत खाली आला, आणि मुलाच्या वडिलांच्या नावामागे जाऊन चिकटला. ते वडील सकाळीच सायकलवरून दूध घालून गेले होते! आणि मुलाचे आजोबा थेट तळाला, बच्चेकंपनीत. म्हणजे आजोबा म्हणणार, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!'

"भावोजी, हे असंच छापून गेलं तर मला गाव सोडावं लागेल," अश्विनी म्हणाली.

एव्हाना आख्खं घर गोळा झालं होतं. शेजारून बाळूकाकाही आले. बाळूकाका म्हणजे अण्णांचे चुलत भाऊ. जन्मभर मुंबईत टॅक्सी चालवून आता गावी परतलेत. त्यांनी मुंबई सोडली, पण मुंबईनं त्यांची जीभ सोडली नाही.

"वायरस हाय," ते म्हणाले. "हंड्रेड परसेंट. फॉरमॅट मारून टाक. खल्लास!"

"काका, फॉरमॅट मारलं तर पत्रिका पण जाईल!" अश्विनी किंचाळली.

"वायरस वगैरे नाही," मी गंभीरपणे म्हणालो. "सेटिंग आहे." सेटिंग हा शब्द फार सोयीचा. त्याला कोणी उलट विचारत नाही.

"मी सांगू काय?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "कुनाची तरी नजर लागली हाय."

आणि मीठ-मोहऱ्या घेऊन त्या खरंच आल्या. कॉम्प्युटरवरून ओवाळल्या. मग जरा थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "जावयबापू, तुमची पन काढते हां. बसा असंच." माझी दृष्ट त्यांनी तीनदा काढली. कॉम्प्युटरची एकदाच. मला इतकं भरून आलं! म्हटलं, किती जीव आहे या बाईचा आपल्यावर.

त्यानंतर तर घरातली माणसं माझ्यावर प्रेमाचा नुसता वर्षाव करायला लागली.

"चला, तुम्हाला फणस दाखवतो," अण्णा म्हणाले. आयुष्यात कधी न बोलणारा माणूस, मला फणसाखाली नेऊन त्या झाडाचा सगळा वंश सांगायला लागला. मी कसाबसा निसटून आत आलो, खुर्चीत बसलो. "किती झालं अश्विनी?" विचारेपर्यंत ग्रामस्थ मंडळ पुसलं गेलं.

"जावयबापू, जरा आडवं व्हा," सासूबाई म्हणाल्या. मागल्या पडवीत खाट टाकून दिली, नवी चादर घातली. मला झोप कसली! घरात पोरगी अडचणीत, आणि मी तज्ज्ञ माणूस घोरत पडू? परत आत. परत खुर्ची. परत किंकाळी.

"अहो, आपण जरा नदीवर जाऊन येऊ या का?" सुजाता म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं! मी म्हणालो, "तुला नदीचं सुचतंय? तुझ्या बहिणीचं काम बघ जरा!"

सुजातानं आईकडे बघितलं. आईनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी आढ्याकडे बघितलं. मला वाटलं, काळजी.

इतक्यात अश्विनीचा फोन वाजला. शिंदेकाका! ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. "हो काका... होतच आली... नाही, नाही, दुसऱ्या कोणाला नका देऊ... पाठवते लगेच." फोन ठेवला आणि तिचे डोळे भरले. "ते म्हणतात, मशीन मोकळं ठेवलंय. अजून थोडा वेळ बघतो, नाही तर राहू दे म्हणाले."

खरं सांगतो, तिचं ते तोंड बघून मी बाह्या सरसावल्या. "सरक तू. आता मीच बसतो."

आणि तिथं बाळूकाकांचा संयम संपला.

"ए जावय!" ते म्हणाले. "तुला एक सिंपल बात सांगू? तू भायेर गेलास की मशीन ओके. तू आत आलास की मशीन पागल. मी मघापासून वॉच करतोय. वायरस कंप्युटरमधी नाय रे बाबा. वायरस तू हायस!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. धोंड्याच्या महिन्यात, भरल्या घरात, जावयाला वायरस म्हणायचं? मी हळूच उठलो. झब्बा झटकला. आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसलो, थेट दूरच्या टोकाला, गोठ्याच्या बाजूला. मी रुसलो! अहो, रीतसर रुसलो. पुढचा अधिक यायला तीन वर्षं होती, तोवर पुरेल इतका रुसलो.

घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला. हात रुमालाला लागला नाही. हाताला काहीतरी गुळगुळीत, गोल, गरम लागलं.

आता काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी माझ्या पायाखालचा ओटा सरकला. पुठ्ठा, कीबोर्ड, मुंग्या, दृष्ट, फणस, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. वायरस मीच होतो! बाळूकाका अगदी शब्दशः बरोबर होते!

मी खिशातल्या खिशात चाचपून त्याच्या पोटाचं बटण बंद केलं. आता आत जावं आणि सांगून टाकावं, हे तुम्हाला सुचेल. मलाही सुचलं. पण सांगायचं कसं? सगळ्यांच्या देखत खिशातून माउस काढून? 'बंद करून चालू' वाला मी, खिशात चालू माउस घेऊन दिवसभर बसलो होतो म्हणून? ऑफिसात कळलं तर? पण गप्प राहिलो तर अश्विनीचं काम बुडणार. मनाशी म्हटलं, जाऊ या आत, आपला रुसवा सोडू या, काहीतरी केल्यासारखं करू या. मी उठायला लागलो.

"काय रे वायरस, उठलास?" बाळूकाका दारातून म्हणाले.

मी परत बसलो. आता कसा उठणार? मानाचा प्रश्न!

सासूबाई आल्या, विनवलं, चहा दिला. माझं मन विरघळलं. उठणार, तोच बाळूकाका म्हणाले, "आमच्या टॅक्सीत पन असाच एक पॅसेंजर यायचा. बसला की मीटर बंद!" मी परत बसलो. सुजाता आली, केळी सोलून दिली, गोड बोलली. मी उठणार, तोच बाळूकाका, "जावयाला टीव्हीपासून पन लांब ठेवा हां, आज मॅच हाय." मी परत बसलो! प्रत्येक वेळी मी मऊ झालो की या गृहस्थाला नवीन काहीतरी सुचायचंच. मनात म्हटलं, केवढा दुष्ट माणूस आहे हा. तिकडे पोरीचा जीव टांगणीला लागलाय, आणि हा मला उठू देत नाही!

शेवटी अश्विनीच बाहेर आली. माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली.

"भावोजी, चुकलं आमचं. चला ना आत. तुमच्याशिवाय नाही व्हायचं हे."

तेव्हा मात्र मी उठलो. राजासारखा! आत गेलो. सगळे माझ्यामागे. टेबलासमोर उभा राहिलो, दोन बोटं कपाळाला लावली, 'हं' म्हणालो. कॉम्प्युटरच्या पाठीमागे हात घातला, वायरी हलवल्यासारखं करून तो रिसीव्हर अलगद मुठीत घेतला. मग पुढे येऊन वाटेल ती तीन बटणं दाबली. आणि खुर्चीत बसलो. चांगला दणकून बसलो. डावीकडे कललो, उजवीकडे कललो.

कर्सर जागचा हलला नाही.

"झालं!" मी म्हणालो. "सेटिंग होतं."

टाळ्या! अहो, खरंच टाळ्या वाजल्या. अण्णा म्हणाले, "वा!" अण्णांच्या तोंडून 'वा' म्हणजे केवढी गोष्ट! सासूबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. बाळूकाका पुढे झाले आणि चक्क माझा हात हातात घेऊन म्हणाले, "जावय, मानला तुला. सॉरी बोलतो." मीही मोठ्या मनानं त्यांना माफ केलं. निघताना अनारशांचा डबा, फणसाचे गरे, पोह्याचे पापड, काय काय दिलं. खाली गावच्या रस्त्यापर्यंत सगळे पोचवायला आले.

परतीच्या वाटेवर मी काय बोललो असेन, कल्पना करा! "बघितलंस? तीनच बटणं! शिकलेला माणूस घरात असला की असा फरक पडतो." मागे बसलेल्या सुजाताचे खांदे हलत होते. मला वाटलं, माहेर सोडताना रडतेय बिचारी. पोलादपूरच्या नाक्यावर चहाला थांबलो तर कळलं, ती रडत नव्हती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय झालं?"

"अहो," ती कसंबसं म्हणाली, "तुम्ही ओट्यावर रुसून बसला होतात ना, तेव्हाच अश्विनीनं पत्रिका पुरी केली. शिंदेकाकांना मोबाईलवर पाठवली सुद्धा. त्यांनी बघितली, एकही चूक नाही म्हणाले. उद्यापासून सगळं काम तिला."

"म्हणजे मी आत गेलो तेव्हा?"

"तेव्हा काम संपून गेलं होतं. मगच ती तुम्हाला बोलवायला आली."

"आणि ते बाळूकाका? ते सारखं टोचून..."

"त्यांना अश्विनीच आतून खूण करत होती. तुम्ही रुसलेले असलात की मशीन नीट चालतं, हे आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मग तुमचा रुसवा टिकवायला नको? ते बिचारे म्हणत होते, जावयाला किती वेळ बोलू, मला पाप लागेल. आई म्हणते, तुमच्या अंगातच काहीतरी आहे, मशीनला सोसत नाही. ती उपास धरणार आहे तुमच्यासाठी."

उपास! आता आली का पंचाईत? गप्प बसावं तर सासरी जन्मभर अपशकुनी, आणि खरं बोलावं तर जन्मभर मूर्ख. सासूबाई माझ्यापायी उपाशी राहणार म्हटल्यावर मी मूर्खपण पत्करलं. मुकाट्यानं खिशात हात घातला आणि तो माउस चहाच्या टेबलावर तिच्यापुढे ठेवला.

तिनं माउसकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. खिशाकडे बघितलं. आणि मग ती जी हसायला लागली, ती चहावाल्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला तरी थांबेना. शेजारच्या टेबलावरची कंपनीतून सुटलेली माणसं वळून वळून बघायला लागली. त्यांतला एक तर आमच्याच स्टोअरचा होता!

"पण मला एक सांग," मी कळवळून म्हणालो. "काम संपलं होतं, मशीन चालत होतं. मग मला परत आत कशाला बोलावलंत? त्या टाळ्या, अण्णांचा 'वा', काकांचं सॉरी, हे सगळं कशासाठी?"

सुजातानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली,

"अहो, धोंड्याचा महिना! जावयाला असं रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"